जर्मनीत मास्टर्सला जायचंय? सव्वा वर्ष आधीपासूनची तयारी, टप्प्याटप्प्याने

दर वर्षी जून उजाडला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा आटोपल्या, की माझ्याकडे फोन सुरू होतात. "दादा, ऑक्टोबरला जर्मनीला जायचंय, काय काय लागेल?" सांगली, नगर, पुणे, कुठून कुठून मुलं-मुली फोन करतात. मार्क चांगले असतात, तयारी मनापासून असते, आणि मला सांगावं लागतं की या ऑक्टोबरची गाडी जवळजवळ सुटली. हे सांगताना दर वेळी जिवावर येतं. मी स्वतः पुण्याहून मेकॅनिकल करून जर्मनीत मास्टर्सला आलो, आणि ज्या चुकांनी माझे पैसे आणि महिने गेले त्यातल्या बहुतेक टाळता येण्याजोग्या होत्या. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे. हा लेख मुख्यतः भारतात पदवी घेऊन सरकारी जर्मन विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून मास्टर्स करू पाहणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट जायचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे बहुतेकांना आधी श्टुडिएनकोलेग नावाचं साधारण वर्षभराचं पूर्वतयारीचं शिक्षण घ्यावं लागतं आणि जर्मन भाषा चांगली यावी लागते.

कॅलेंडर उलटं मोजा

विंटर सेमिस्टर विद्यापीठांमध्ये १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास ऑक्टोबरच्या मध्यावर भरतात. आता तिथून मागे या. सप्टेंबरमध्ये विमानात बसायचं तर व्हिसा ऑगस्टअखेर हातात हवा. व्हिसाला कित्येक आठवडे लागतात, कधी तीन महिनेही जातात, म्हणजे अर्ज मे-जूनमध्ये जायला हवा. त्यासाठी त्याआधी प्रवेशपत्र हवं. अर्जाची शेवटची तारीख म्हणून सगळीकडे १५ जुलै सांगतात, पण ती अनेकदा युरोपीय विद्यार्थ्यांसाठी असते. आपल्यासारख्यांसाठी कुठे १ मार्च असते, कुठे ३१ मे. अर्जाला एपीएस प्रमाणपत्र (मार्कशीटा खऱ्या असल्याचा दाखला) लागतं, ते डिसेंबर-जानेवारीपर्यंत आलेलं बरं. आयएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकायची. आणि कोर्स शोधायला बसायचं ते आदल्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे सातवं सेमिस्टर सुरू होताना.

शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट अजून नाही म्हणून थांबू नका. सहाव्या किंवा सातव्या सेमिस्टरपर्यंतच्या मार्कांवर बरीच विद्यापीठं अर्ज घेतात आणि पदवीचं प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी मागतात. मात्र आपल्याकडे निकाल लांबतात हे धरून चला. कॉलेजच्या परीक्षा विभागात प्रोव्हिजनल सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं, हे आधीच विचारून ठेवा.

आधी विषय, मग विद्यापीठ

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझं अगदी ठाम मत आहे की जर्मनीचा अर्ज इथेच जिंकला किंवा हरला जातो, एसओपीत (हाच कोर्स का, हे सांगणाऱ्या पत्रात) नाही.

आपल्या डोक्यात रँकिंग असतं. जर्मन प्रवेश समिती आधी एकच गोष्ट बघते: तुम्ही पदवीला जे शिकलात ते आमच्या मास्टर्सला पुरेसं आहे का? त्यासाठी प्रत्येक कोर्सची प्रवेश नियमावली असते. त्यात लिहिलेलं असतं की गणिताचे इतके क्रेडिट, इलेक्ट्रिकलचे इतके, मेकॅनिक्सचे इतके. हे युरोपीय क्रेडिट असतात. एका सेमिस्टरला ३० आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, असा हिशेब आहे. आपले क्रेडिट त्यात कसे बदलायचे, याची रीत विद्यापीठागणिक वेगळी आहे. काही ठिकाणी त्यासाठी तक्ता भरून मागतात.

माझ्या ओळखीचा एक मुलगा. मेकॅनिकल, सीजीपीए उत्तम, मेकॅट्रॉनिक्सला अर्ज केला. नकाराचं पत्र आलं त्यात मार्कांबद्दल एक अक्षर नव्हतं. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये १५ क्रेडिट हवेत, तुमचे ९ भरले, बस्स. गंमत अशी की त्याने पदवीला मेकॅट्रॉनिक्स हा विषय शिकला होता, त्याच्या सिलॅबसमध्ये सेन्सर, मायक्रोकंट्रोलर सगळं होतं. पण तक्त्यात त्याने तो विषय "ऐच्छिक" म्हणून खाली टाकला आणि आत काय आहे ते लिहिलंच नाही. पुढच्या वर्षी त्याच मार्कांवर, नीट भरलेल्या तक्त्याने, त्याच प्रकारच्या कोर्सला त्याला प्रवेश मिळाला.

म्हणून असं करा. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाच्या कोर्सची सूची आहे, तिथून वीस-पंचवीस कोर्स काढा. एक्सेल उघडा. एका बाजूला कोर्सने मागितलेले विषयगट लिहा, दुसऱ्या बाजूला तुमच्या मार्कशीटवरचे विषय, त्यांचे क्रेडिट आणि सिलॅबसमधले मुद्दे. तुमच्या पॅटर्नचा पूर्ण सिलॅबस पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. पॅटर्न बदलला की जुने सिलॅबस शोधायला फार त्रास होतो. जिथे दोन-तीन गटांत मोठी भोकं दिसतील तो कोर्स कितीही आवडला तरी यादीतून काढा. वीसातले सहा ते आठ उरतील. तेवढे पुरतात.

त्या सहा-आठांत नुसत्या टेक्निकल युनिव्हर्सिट्या भरू नका. होखशुले म्हणून ओळखली जाणारी उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं आहेत, तिथे कारखान्यांशी जवळचा संबंध असतो, वर्ग लहान असतात. ज्याला शिकून थेट नोकरी करायची आहे त्याने त्यांना दुय्यम समजू नये. पुढे पीएचडीकडे कल असेल तर मात्र युनिव्हर्सिटीच बरी.

मार्कांचा हिशेब

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए त्यात बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा किमान पास गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा.

सीजीपीए ७.० घ्या. दहाची श्रेणी, पास व्हायला ४ लागतात. दहातून सात गेले तीन, भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक. आले २.५. आता तेच सात गुण, पण किमान पास ५ धरला, तर भागायचं पाचने, आणि उत्तर येतं २.८. कित्येक कोर्सना "२.५ किंवा त्याहून चांगलं" ही अट असते. म्हणजे मार्क तेच, अभ्यास तोच, आणि किमान पासिंग ग्रेड किती हे कागदावर स्पष्ट नसल्यामुळे मुलगी दाराबाहेर. मार्कशीटच्या मागे ग्रेडचा तक्ता छापलेला असतो, त्याची मागची बाजूही स्कॅन करा. छापलेला नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करतानाच हे काम उरका, दोन हेलपाटे वाचतील.

बॅकलॉग असले म्हणजे सगळं संपलं असं नाही. काही कोर्स ते पाहतात, काही पाहतही नाहीत. लपवू मात्र नका.

नावाची भानगड

याबद्दल कोणी सांगत नाही आणि आपल्या मराठी मुलांना हा त्रास हमखास होतो. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेजारी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि दिलेल्या नावात कधी फक्त स्वतःचं, कधी वडिलांचंही जोडलेलं. माझ्या एका अर्जात मी वडिलांचं नाव घातलं, दुसऱ्यात नाही, आणि आयएलटीएसच्या कागदावर तिसराच क्रम. तो खुलासा करण्यात माझे तीन आठवडे गेले.

नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच, सगळीकडे. पासपोर्ट काढताना दहावीच्या मार्कशीटशी ताडून पाहा. स्पेलिंगमध्ये फरक असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच करून घ्या. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही.

एपीएस आणि उनि-असिस्ट

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झालं. तुमच्या मार्कशीटा खऱ्या आहेत आणि जर्मन शिक्षणाला पात्र आहेत, याची ही तपासणी. नोंदणी ऑनलाइन, शुल्क १८ हजार रुपये. दहावीपासूनची सगळी कागदपत्रं एका क्रमाने, वाचता येतील अशी लावा. अस्पष्ट स्कॅन हे उशिराचं सगळ्यात फालतू कारण असतं.

उनि-असिस्ट ही अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था. एका सेमिस्टरला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. काही विद्यापीठं उनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी मागतात, म्हणजे तुमचे मार्क जर्मन श्रेणीत बदलून दिलेला कागद, आणि मुख्य अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात. व्हीपीडी यायला चार ते सहा आठवडे धरा. शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी उनि-असिस्टला कागद गेले की झोप नीट लागते.

इंग्रजीसाठी बहुतेक ठिकाणी आयएलटीएसला ६.५ पुरतात. जर्मन भाषेची अट नसली तरी निघण्याआधी ए-२ या दुसऱ्या पातळीपर्यंत तरी शिका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. वर्गात इंग्रजी चालतं, पण घरमालक, डॉक्टर, इंटर्नशिपची मुलाखत घेणारा, यांच्याशी नाही.

एसओपी, एका पानात

जर्मन समितीला भावनिक आत्मचरित्र नको असतं. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" हे वाक्य त्यांनी हजारदा वाचलेलं आहे. त्याऐवजी असं लिहा: शेवटच्या वर्षी साखर कारखान्यातल्या पंपाच्या बेअरिंगची कंपनं मोजली, बिघाड आधी ओळखायचा प्रयत्न केला, सिग्नल प्रोसेसिंग कमी पडलं, तुमच्या दुसऱ्या सेमिस्टरमधला अमुक विषय नेमका तोच आहे. चार वाक्यांत तुम्ही काय केलंत, कुठे अडलात आणि याच कोर्सला का, हे तिन्ही आलं. प्रत्येक विद्यापीठासाठी कोर्सचे विषय वाचून ती चार वाक्यं बदला.

शिफारसपत्रं सगळीकडे लागत नाहीत. लागली तर ज्या सरांनी प्रोजेक्ट पाहिला त्यांच्याकडे जा, प्राचार्यांकडे नको. सर म्हणतील, "तूच मसुदा आण, मी सही करतो." तेव्हा निदान प्रोजेक्टचे मुद्दे लिहून न्या आणि सरांना त्यांच्या शब्दांत लिहायची विनंती करा. दोन पत्रांत एकच भाषा असली की लगेच ओळखू येतं.

फुकट सल्ला कोण देतं?

काउन्सेलिंग फुकट आहे असं जिथे सांगतात, तिथे पैसे कुठून येतात ते विचारा. बऱ्याचदा ते खाजगी विद्यापीठांच्या कमिशनमधून येतात. सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत, म्हणून त्यांची नावं यादीत मागे पडतात. माझ्या मावसबहिणीला एका ठिकाणी सांगण्यात आलं की तिच्या मार्कांवर सरकारी प्रवेश "होणारच नाही". आम्ही दोघांनी चार रविवार बसून तक्ता केला, तिला दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला. सगळे सल्लागार असे नसतात, पण अर्जाचा पासवर्ड आणि ईमेल तुमच्याच हातात ठेवा, हे निक्षून सांगतो. तुमच्या नावाने कोणी काय लिहिलं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. आपल्या विद्यापीठाची जर्मनीतली मान्यता अनाबिन या सूचीत बघता येते. खाजगी विद्यापीठच घ्यायचं ठरलं तर त्याला तिथल्या राज्याची मान्यता आहे ना, एवढं नक्की बघा.

पैसा

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो शुल्क असतं, त्यात अनेक ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. पण याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत. जुन्या सिनिअरचं ऐकून "जर्मनीत फी नसतेच" असं घरी सांगू नका.

खरा मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेल्या खात्याचा. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आधीच जमा दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर जवळपास १२ लाख. हे पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यात खोलीभाडं, तिशीच्या आतल्यांना सरकारी आरोग्य विम्याचे सव्वाशे-दीडशे युरो, खाणंपिणं, आणि घरटी १८.३६ युरो प्रसारण शुल्क, जे ऐकून प्रत्येक नवा विद्यार्थी चक्रावतो. लहान शहरात विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर एवढ्यात भागतं. म्युनिकमध्ये खाजगी खोली घेतली तर ओढाताण होते. नोकरी करून पस्तिशीला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिशीनंतर नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला सहसा खाजगी विमा घ्यावा लागतो.

कर्ज काढायचं असेल तर प्रवेशपत्राची वाट न बघता बँकेत चौकशी सुरू करा. सरकारी बँकांत साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि गावाकडे इथेच घोडं अडतं: बहुतेक बँका शेतजमीन घेत नाहीत, घर किंवा एनए प्लॉट लागतो. मालमत्तेची कागदपत्रं वकिलाकडून तपासून होईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. बँकेला पहिलाच प्रश्न हा विचारा की ब्लॉक्ड अकाउंटची पूर्ण रक्कम एकदम पाठवाल का. काही शाखा फक्त फी भरायची सवय असल्याने इथे अडतात. जुनी करप्रणाली निवडली असेल तर व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

शिष्यवृत्त्यांचं लोक उशिरा बघतात. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघितलं जातं, म्हणून त्या अटीत बसणारं एक तरी नाव यादीत ठेवाच. रँकिंगला मी महत्त्व देतो ते एवढ्या एका जागी. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. हक्काची मदत मागायला संकोच करू नका. डीएएडीच्या विकासविषयक कोर्सच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो आणि अर्ज वर्षभर आधी जातो. महिना ३०० युरोंची डॉइचलांडश्टिपेंडियुम मात्र तिथल्या विद्यापीठातूनच मिळते.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो, रुपयांत. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, इंग्रजीचा पुरावा, एक पानी प्रेरणापत्र हे मुख्य कागद. प्रेरणापत्र आणि एसओपी एकमेकांशी जुळले पाहिजेत.

एक बदल नीट लक्षात घ्या. पूर्वी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे विनामूल्य फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज, नाहीतर कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण भरलेला हवा. पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी यादीशी एकेक कागद लावून बघायला सांगा. आपल्या स्वतःच्या डोळ्यांना आपल्या चुका दिसत नाहीत.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

खोली शोधायला प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच सुरुवात करा. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षा यादी कित्येक महिन्यांची असते, नाव नोंदवायला मात्र वेळ लागत नाही. खोली न बघता "मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअर करतो" असं म्हणणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका. आपली मुलं यात फसली आहेत.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या. या नोंदणीच्या कागदावर बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता आणि पुढे निवास परवाना, सगळं चालतं. तोवर हाताशी सात-आठशे युरो वेगळे ठेवा.

वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सेमिस्टरला ती वापरायची घाई करू नका. अभ्यासाची पद्धत वेगळी आहे. बऱ्याच विषयांत सेमिस्टरभर काही नसतं आणि शेवटी एकच परीक्षा असते. त्या परीक्षेलाही पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, नुसतं हॉलमध्ये जाऊन बसून चालत नाही. नोंदणीची तारीख पहिल्याच आठवड्यात मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.